भिंगार, भंगार आणि तीन खणांची पिशवी

तर मंडळी, भिंगारचा माणूस भंगारात गेला यावर जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे शाळेतच होऊन गेलेत, तेव्हा ते राहू द्या. गेल्या दिवाळीच्या वीकांताला मी खरोखरच भंगारात गेलो, नव्याकोऱ्या पाच हजारांच्या गोटी पान्यांच्या सेटसकट. आणि एका बोल्टची डोकी गोल करून, मान खाली घालून घरी परत आलो. हा लेख त्या बोल्टबद्दल आहे. म्हणजे, तसा दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाबद्दल आहे, पण सुरुवात त्या बोल्टपासून.

झालं असं की माझ्याकडे एक जुनी महिंद्रा जीप आहे. (होय, पुण्यात पार्किंग नसताना. होय, बायकोने विचारलं होतं.) तिच्या गिअरबॉक्सच्या वरचं झाकण तडकलं होतं. नवीन मिळत नाही. अण्णा म्हणाले, भिंगारच्या बाहेर अमक्या आवारात तसल्याच दोन जीपा पडल्यात, काढून आण. अण्णा म्हणजे माझे वडील. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर म्हणून ३२ वर्षं नोकरी केलेला माणूस.

अमेरिकेत अशी स्वयंसेवेची आवारं असतात म्हणे. दारात थोडे पैसे भरायचे, आपली हत्यारं घेऊन आत शिरायचं, ओळीने मांडलेल्या गाड्यांतून हवा तो भाग स्वतः खोलायचा आणि बाहेर पडताना त्याचे पैसे द्यायचे. आपल्याकडे ही पद्धत नाही. आपल्याकडे 'थांबा साहेब, पोरगा काढून देतो' ही पद्धत. पोरगा येतो, हातोडा नाहीतर गॅस कटर चालवतो, आणि हव्या त्या भागाबरोबर शेजारच्या दोन भागांचाही निकाल लागतो. पण या आवारातले चाचा अण्णांना ओळखत होते. म्हणाले, "तुमचा मुलगा आहे ना? मग जाऊ दे आत. काढ बेटा तुझं तू."

मी काढायला लागलो. १३ नंबरची गोटी बोल्टवर बसली. थोडी सैल वाटली, पण बसली. पहिले दोन बोल्ट सुटले. तिसरा गंजलेला होता. जोर लावला, 'कट्' असा आवाज आला, आणि मला क्षणभर वाटलं सुटला! सुटला नव्हता. सहा कोपऱ्यांचा बोल्ट आता जवळजवळ गोल झाला होता.

घरी आल्यावर अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "कुठला पाना लावलास?"

"तेरा."

"तो अडीच सुती बोल्ट आहे. त्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो. तेरा कशाला लावलास?"

इथे थांबून जरा हिशेब करू. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. माझी गोटी १३ची. फरक ०.३ मिलिमीटर. आपल्या धंद्यात एवढ्या फरकाला आपण 'राउंडिंग एरर' म्हणतो. इथे तर अक्षरशः राउंडिंगच झालं! बोल्ट नवा असता तर निभावलं असतं. साठ वर्षं गंजलेल्या बोल्टला नाही.

आणि 'सूत'? एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ही त्या बोल्टची जाडी. आपल्या देशात दशमान वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला, ऑक्टोबर १९५८पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला, नवे पैसे तर १९५७मध्येच आले होते. शेर, मण, आणे सगळं गेलं. पण नगरच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'तीन सुती नट द्या' म्हणा, दुकानदार मान वर न करता काढून देईल.

मग अण्णांनी कपाटाखालून एक पिशवी ओढून काढली. पिशवी म्हणजे जाड हिरव्या कॅनव्हासची गुंडाळी, आत शिवलेले तीन खण. एका खणातल्या पान्यांना लाल रंगाचा ठिपका, दुसऱ्यातल्यांना निळा, तिसऱ्यातल्यांना काहीच नाही. लहानपणी ही गुंडाळी मी हजारदा पाहिली असेल. तीन खण का, हे कधीच विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं, आणि जेवण गार झालं.

लाल ठिपका: विलायती

लाल ठिपक्याचे पाने सगळ्यात विचित्र. एकावर १/४ असं कोरलेलं. तोंड मोजलं तर पाव इंचाच्या दुपटीहून जास्त! ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर. छापायला चुकलं की काय? नाही. हे व्हिटवर्थचे पाने. त्यांच्यावर तोंडाचं माप नसतं, ज्या बोल्टला तो पाना चालतो त्या बोल्टची जाडी असते.

जोसेफ व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा कारखानदार. त्याच्या आधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढायचा नाही. बोल्ट हरवला तर तो नव्याने घडवायचा. व्हिटवर्थने इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरासरीच्या आसपासची मापं धरून एक तक्ता बनवला. १८४१ साली तो त्याने इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडला. आट्याचा कोन ५५ अंश. हा ५५चा आकडाही अशा पाहणीतूनच आलेला. रेल्वे कंपन्यांनी तो तक्ता उचलला, आणि जिथे जिथे ब्रिटिश लोखंड गेलं तिथे तिथे ५५ अंशाचा आटा गेला. भिंगारलाही आला.

भिंगारला सैन्य येणं काही नवीन नाही. औरंगजेबाचा शेवटचा मुक्काम इथेच होता. १७०७ साली तो इथेच वारला, आणि ती जागा अजून आलमगीर म्हणून दाखवतात. १८०३च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, आणि पुढे इथे इंग्रजांची छावणी उभी राहिली. सैन्य येऊन थांबलं की त्याच्याबरोबर लोखंड येतं, आणि सैन्य गेलं तरी त्यातलं थोडं लोखंड मागे राहतं. आमच्या गावाची अर्धी कमाई या मागे राहिलेल्या लोखंडावर आणि उरलेली अर्धी ते लोखंड दुरुस्त करण्यावर झाली असावी, असा माझा बिनबुडाचा अंदाज आहे.

निळा ठिपका: अमेरिकन

निळ्या ठिपक्याचे पाने इंचातलेच, पण यांच्यावर लिहिलेलं माप म्हणजे तोंडाचं खरं माप. १/२ म्हणजे अर्धा इंच, बात खतम. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली अमेरिकेसाठी वेगळा आटा सुचवला. कोन ६० अंश, कारण तो कोन साध्या कारागिराला बनवायला आणि तपासायला सोपा.

आता गंमत बघा. बारीक बोल्टमध्ये दोघांचे इंचामागचे आटे सारखेच आहेत. ५/१६ला दोन्हीकडे १८, ३/८ला दोन्हीकडे १६. म्हणजे अमेरिकन नट विलायती बोल्टवर चढतो! चढतो, पण कोन वेगळा असल्यामुळे नीट बसत नाही. आणि अर्ध्या इंचाला मात्र विलायती आटे १२ आणि अमेरिकन १३. तिथे चढतच नाही. अण्णा म्हणतात, न चढणारा बोल्ट बरा, चढून फसवणारा वाईट. (कंपाइल एरर आणि रनटाइम एरर. मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी आमटी वाढून घेतली.)

दुसऱ्या महायुद्धात हे प्रकरण अंगाशी आलं. इंग्लंडचं मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं, तेव्हा अख्खं इंजिन विलायती आट्यांचं. तसले आटे पाडायची हत्यारं अमेरिकेत तयार मिळेनात, तर पॅकार्डने ती स्वतः बनवली, पण आटे बदलले नाहीत, कारण इंजिन आघाडीवर बिघडलं तर सुटे भाग दोन्हीकडचे चालायला हवेत. युद्ध संपल्यावर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तिघांनी वॉशिंग्टनला एका समान आट्यावर सह्या केल्या. कोन ठरला ६० अंश. व्हिटवर्थचे ५५ अंश तिथे हरले.

जीप ही याच युद्धाची. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या, आणि अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. फोर्डला मात्र राहवलं नाही. आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, त्यांनी इंग्रजी 'एफ' उमटवला. युद्धानंतर भारतात मागे राहिलेल्या बऱ्याच गाड्या 'डिस्पोजल'मध्ये विकल्या गेल्या. हा शब्द आमच्याकडे अजून आहे. ब्लँकेट, बूट, गाडी, काहीही टिकाऊ असलं की 'डिस्पोजलचं आहे' म्हणतात. पुढे महिंद्रा कंपनीने (१९४५ साली स्थापना झाली तेव्हा ती महिंद्रा अँड मोहम्मद होती, मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये नाव बदललं) मुंबईत माझगावला जीपा जोडायला सुरुवात केली. माझी जीप त्याच वंशातली. म्हणून तिच्या झाकणाला निळा ठिपका.

बिनठिपक्याचे: आपले

तिसऱ्या खणात दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा... ही जोडी-जोडीची पाढ्यासारखी नावं कुठल्याही गॅरेजमधल्या पोराला पाठ असतात. हे मिलिमीटरचे. यांना ठिपका नाही, कारण अण्णांच्या मते 'आपल्या' पान्याला खूण कशाला? नाशिकच्या सातपूरला तापडियाचे पाने बनतात, त्यातलेच बरेचसे.

मिलिमीटरवाला आटा युरोपातला. १८९८ साली झुरिकला त्यावर एकमत झालं. आमच्या भागात तो लष्करी गाड्यांतून जोरात आला. शक्तिमान ट्रक १९५९पासून जबलपूरला बनायला लागला, परवाना जर्मनीच्या 'मान' कंपनीचा. जोंगाही जबलपूरचीच, मूळ गाडी जपानच्या निसानची. दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या देशांतल्या. म्हणजे एका फिटरच्या एका नोकरीत सकाळी विलायती गाडी, दुपारी जीप, संध्याकाळी शक्तिमान. तीन खण का, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि हे तीन खण आपापल्या जागी राहतील तर शपथ! ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोचं फ्रेंच डिझेल इंजिन आलं. म्हणजे चेसिस इंचात आणि इंजिन मिलिमीटरमध्ये. बॉनेट उघडून अर्ध्यात पाने बदलायचे. याहून भारी किस्सा मॉरिसचा. १९२३ साली मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिसचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच पद्धतीची, त्यामुळे आटे मिलिमीटरचे पडायचे. पण इंग्लंडमधल्या मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे! मग कंपनीने काय करावं? आटा मिलिमीटरचा ठेवला आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थच्या मापाचं केलं. हा प्रकार पुढे कित्येक वर्षं चालू होता. आपण ज्याला 'अॅडॉप्टर' म्हणतो तो त्यांनी प्रत्येक बोल्टवर बसवला. (असला कोड मी पाहिला आहे. लिहिलाही आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना घेऊन रणगाडा संग्रहालयात गेलो. नगरचं हे कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ साली सुरू झालं. तिथे विलायती मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत, अमेरिकन शेरमन आहे, १९६५च्या युद्धात पकडलेला पॅटन आहे, आपला विजयंता आहे. मी लहानपणापासून तिथे तोफांच्या नळ्या बघत आलो. अण्णा कधीच नळीकडे बघत नाहीत. ते चाकांपाशी वाकतात आणि बोल्ट बघतात. या वेळी मीही वाकलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक अक्षर वाचायला त्रास होतो, पण बोल्टच्या डोक्यावर अंगठा फिरवून ते म्हणायचे, "लाल." चार पावलं पुढे जाऊन, "निळा." बोर्डावर देशाचं नाव वाचून मी खात्री करत होतो. एकदाही चुकले नाहीत.

परत येताना गाडीत ते सहज म्हणाले, "ती गुंडाळी मी चाचांकडे द्यायचीच म्हणत होतो. किलोवर जाईल. आता कोण वापरतंय."

मी काही बोललो नाही. कारण काल सकाळपर्यंत मी 'द्या' म्हणालो असतो.

असो. आता कामाचं बोलू. तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी बाळगून असाल आणि भंगारात जाणार असाल, तर पिशवी भरताना हे लक्षात ठेवा.

एक, जाण्याआधी गाडीचं साल आणि वंश शोधा. पाने त्यावर ठरतात. सगळेच मिलिमीटरचे पाने इंचाला निकामी नसतात: ५/१६ला ८, ५/८ला १६, ३/४ला १९, १५/१६ला २४ बेधडक चालतो, फरक नगण्य आहे. पण १/२ आणि ९/१६ या दोन मापांना खरे इंचाचेच पाने न्या. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४चा चढत नाही आणि १५चा घसरतो. नेमके हेच दोन बोल्ट जीपमध्ये सगळ्यात जास्त.

दोन, सहा कोनांची गोटी किंवा रिंग पाना न्या, बारा कोनांचा नको. स्क्रू पाना शेवटचा उपाय. टामी लांब हवी.

तीन, तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारं तेल. आधी सगळ्या बोल्टांवर तेल मारा, मग चहा प्या, मग पाना लावा. मी चहा आधी प्यायलो होतो.

चार, व्हर्निअर कॅलिपर. अण्णांसारखा अंगठा आपल्याला नाही.

पाच, हातमोजे, झोपायला गोणपाट, बोल्ट ठेवायला छोट्या पिशव्या आणि खडू. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना, तेही बघा. आणि काहीही झालं तरी दगडावर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका.

आणि शेवटचं, जायचं असेल तर लवकर जा. २०२१मध्ये वाहन मोडीत काढण्याचं धोरण आलं. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते (लष्कराच्या कारवाईसाठीच्या खास गाड्यांना सूट आहे), आणि त्या नोंदणीकृत केंद्रांत मोडायच्या. प्रदूषणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. चाचांच्या आवारातली तेलाने काळी झालेली माती पाहिलीत तर तुम्हीही हेच म्हणाल. पण 'काढ बेटा तुझं तू' म्हणणारी आवारं त्यानंतर किती राहतील, माझा भरवसा नाही.

त्या गोल झालेल्या बोल्टचं काय झालं? दुपारी अण्णांना घेऊन पुन्हा गेलो. चाचांनी त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. राहिलेले बोल्ट निळ्या ठिपक्याच्या अर्ध्या इंचाच्या रिंग पान्याने आवाजही न करता सुटले. तो एक मात्र उरला. मला वाटलं आता छिन्नी. अण्णा म्हणाले, "कानस घे. दोन बाजू थोड्या घास." घासल्या. मग त्यांनी तिसऱ्या खणातून बारा नंबरचा रिंग पाना काढला, बोल्टच्या डोक्यावर टेकवला आणि हातोडीचे दोन हलके ठोके मारले. १२.७ मिलिमीटरवर १२चा पाना घट्ट रुतून बसला.

"आता ओढ. हळू."

सुटला.

झाकण आता माझ्या जीपवर आहे. कॅनव्हासची गुंडाळी पुण्याला आणली आहे. पाने एकूण ४१ भरले. प्रत्येकाचं तोंड कॅलिपरने मोजून मी तक्ता बनवला. ३८ जुळले, तीन कुठल्याच खणात बसेनात. फोन करून अण्णांना मापं सांगितली. ते म्हणाले, "असं फोनवर नाही कळायचं. घेऊन ये."

या शनिवारी भिंगारला चाललोय.